कमी खर्चात कापडी लंगोट: आधी दोरी, मग कापड

बाळासाठी कापडी लंगोट वापरायचे ठरले की बहुतेक जण सर्वप्रथम त्यांचे प्रकार, रंग आणि बटणे पाहू लागतात आणि कोणता घ्यावा याच विचारात अडकतात. हातात पैसा मोजका असेल तर मात्र पहिला प्रश्न वेगळाच विचारायला हवा: धुतलेले कापड आपल्या घरात पूर्ण वाळायला किती वेळ लागतो? लंगोट किती लागतील, कोणत्या प्रकारचे परवडतील आणि ते वर्षभर वापरात राहतील की दोन महिन्यांत कंटाळून कपाटात जातील, हे सगळे या एका उत्तरावर अवलंबून असते.

मी स्वतः याच्या उलट क्रमाने सुरुवात केली. बाळ येण्याआधीच जाड अस्तराचे, सगळे थर एकत्र शिवलेले बारा डायपर घेऊन ठेवले. ते दिसायला देखणे होते आणि ओल शोषण्यातही कमी नव्हते, पण ढगाळ हवेत त्यांचा मधला भाग दोन-दोन दिवस दमट राहत असे आणि तिसऱ्या दिवशी हाताशी एकही कोरडा डायपर नसे. शेवटी जुन्या चादरीतून कापलेल्या चौकोनांनीच निभावून नेले. त्यामुळे पुढचे सारे सांगणे या चौकोनांच्या बाजूला थोडे झुकलेले आहे, हे आधीच मान्य करतो.

किती लंगोट लागतील

नवजात बाळाचे लंगोट दिवसाला १० ते १२ वेळा बदलावे लागतात. काही महिन्यांनी ही संख्या ६ ते ८ वर येते. समजा, दिवसाला १० लंगोट लागतात, धुणे रोज होते आणि आज धुतलेले कापड उद्या सकाळी वाळून हाती येते. अशा वेळी १० लंगोट वापरात, १० दोरीवर आणि अडीअडचणीला ४ असे २४ लंगोट पुरतात. त्याच घरात वाळायला दोन दिवस लागत असतील तर दोरीवरच कायम २० अडकून पडतात आणि एकूण संख्या ३४ वर जाते. रोज धुणे जमत नसेल तर जितके दिवस मध्ये जातात तितक्या दिवसांचे लंगोट आणखी वाढतात. मात्र तीन दिवसांहून जास्त मळके कापड साठवू नये, कारण तोवर वास आणि डाग दोन्ही धाग्यांत मुरलेले असतात.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी एक जाड टॉवेल आणि एक पातळ पंचा एकाच वेळी धुऊन, पिळून, जिथे लंगोट वाळत घालायचे आहेत त्याच जागी टाकावेत आणि दोन्ही कधी वाळतात ते घड्याळात पाहावे. जाड टॉवेलला लागलेला वेळ हा साधारण जाड अस्तराच्या डायपरचा असतो आणि पंच्याचा वेळ एकपदरी लंगोटाचा, म्हणजे घडी घालून वापरायच्या साध्या सुती चौकोनाचा. या दोन वेळांमधला फरक पाहिला की पुढचे अर्धे निर्णय आपोआप होतात.

सुरुवातीला सगळा साठा एकदम करू नये. १२ एकपदरी लंगोट आणि २ कव्हरे, म्हणजे लंगोटावरून घालायची पाणी अडवणारी आवरणे, एवढ्यावर दोन आठवडे काढावेत, उरलेल्या वेळी वापरून फेकायचे डायपर घालावेत आणि मग जे खरोखर कमी पडते तेवढेच वाढवावे. नवजात बाळाच्या मापाची कव्हरे तर दोन-तीनहून अधिक मुळीच घेऊ नयेत, कारण बाळ काही आठवड्यांतच त्यांतून बाहेर पडते.

प्रकार आणि त्यांचा खर्च

बाजारातल्या नावांचा गोंधळ बाजूला ठेवला तर कोणत्याही कापडी डायपरची कामे दोनच असतात: आतल्या कापडाने ओल शोषायची आणि बाहेरच्या आवरणाने ती बाहेर येऊ द्यायची नाही. ही दोन कामे वेगवेगळ्या वस्तूंनी केली की खर्च कमी होतो आणि एकाच वस्तूत शिवली की वाढतो.

सर्वांत स्वस्त म्हणजे एकपदरी लंगोट, म्हणजे साधारण ७० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा सुती चौकोन. तो घडी घालून वापरतात आणि धुताना पूर्ण उलगडतात, त्यामुळे साबण प्रत्येक धाग्यापर्यंत पोचतो आणि वाराही लागतो. त्याच्या खालोखाल येतो तो शिवलेल्या घडीचा लंगोट, ज्याच्या मधल्या पट्ट्यात जास्त थर असतात. तो घालायला सोपा, पण वाळायला सावकाश. पॉकेट डायपरमध्ये बाहेरचे आवरण आणि आतले मऊ अस्तर यांच्यामध्ये खिसा असतो आणि शोषणारी घडी त्या खिशात सरकवतात. सगळे एकत्र शिवलेला ऑल-इन-वन डायपर घालायला सर्वांत सोयीचा असतो, मात्र महाग असतो आणि दोरीवर सर्वांत जास्त वेळ अडून राहतो. शिवाय त्याचे इलॅस्टिक सैल झाले की शोषणारे कापड चांगले असूनही अख्खा डायपर बाद होतो.

बजेट तंग असेल तर एकपदरी लंगोट आणि वेगळी कव्हरे हाच पाया धरावा, आणि एक-दोन पॉकेट डायपर पाळणाघरासाठी किंवा ज्यांना घड्या घालणे जमत नाही अशा घरातल्या माणसांसाठी ठेवावेत.

घरातल्या कापडातून लंगोट

लंगोटासाठी कापड शंभर टक्के सुती असावे. पॉलिस्टर मिसळलेले कापड दिसायला तसेच असते, परंतु ओल शोषत नाही. कापडावरचे लेबल गेलेले असेल तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. सुती आणि वापरून मऊ झालेल्या कापडात तो लगेच पसरतो आणि नाहीसा होतो. मिश्र कापडावर तो क्षणभर मण्यासारखा उभा राहतो आणि मग ओघळतो. याच कारणासाठी कोऱ्या चादरीपेक्षा दहा वर्षे वापरलेली चादर अधिक कामाची असते.

सव्वादोन मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब अशी एक दुहेरी चादर असेल, तर तिच्यातून ७२ सेंटीमीटरचे नऊ चौकोन निघतात आणि कडा दुमडून शिवल्यावर ते ७० सेंटीमीटरचे राहतात. लांबीच्या बाजूने ३४ सेंटीमीटरची जी पट्टी उरते तिच्यातून १७ सेंटीमीटरचे सव्वीस लहान चौकोन मिळतात, आणि तेच बाळाला पुसण्याचे ओले रुमाल म्हणून वापरता येतात. मधोमध विरलेला भाग टाळून कापावे, कारण तो चार-पाच धुण्यांतच फाटतो.

शिवणयंत्र नसेल तर जुने सुती टी-शर्ट घ्यावेत. होजियरीच्या विणीचे कापड कापल्यावर कडेने उसवत नाही, त्यामुळे त्याला शिलाई लागत नाही. मोठ्या मापाच्या टी-शर्टच्या बाह्या आणि गळा कापून टाकला, दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेऊन उभी तीन पदरी घडी घातली की लंगोट तयार होतो. छपाई असलेला भाग मात्र काढून टाकावा किंवा बाहेरच्या बाजूला घ्यावा, कारण छपाईच्या थरातून पाणी आत जात नाही.

नवे सुती कापड विकत आणले असेल तर ते थेट बाळाला लावू नये. कोऱ्या कापडावर खळ असते आणि न विरंजलेल्या कापसात नैसर्गिक तेल आणि मेण असते, त्यामुळे पहिल्या एक-दोन वेळा लघवी त्यावरून अक्षरशः घरंगळते. गरम पाण्यात धुण्याची पावडर घालून असे कापड पाच-सहा वेळा धुवावे. प्रत्येक वेळी पूर्ण वाळवण्याची गरज नसते. नंतर थेंबाची परीक्षा घ्यावी.

आतून मायक्रोफायबरच्या, म्हणजे अतिशय बारीक कृत्रिम धाग्यांच्या कापडाच्या, पट्ट्या वापरायच्या असतील तर त्या कधीही उघड्या त्वचेला लागू देऊ नयेत. ते कापड त्वचेवरचा ओलावाही ओढून घेते आणि त्वचा कोरडी पडून लाल होते. ते नेहमी सुती पदराच्या किंवा खिशाच्या आत असावे.

कव्हर

कव्हर ही एकमेव वस्तू आहे जिच्यावर थोडे पैसे खर्च करावेत असे मी म्हणेन. पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेल्या कापडाचे, म्हणजे पीयूएलचे कव्हर पाणी अडवते आणि जुन्या प्लॅस्टिकच्या चड्डीपेक्षा मऊ असते. पुढे बटणांच्या रांगा असलेले, लहान-मोठे करता येणारे कव्हर बाळाच्या जवळजवळ सगळ्या लंगोटकाळात चालते, मात्र अगदी नवजात आणि हडकुळ्या बाळाच्या मांडीभोवती ते सैल पडते. नुसत्या लघवीने लंगोट ओला झाला तर कव्हर आतून पुसून, वाऱ्यावर धरून पुन्हा वापरता येते. त्याला शी लागली किंवा वास येऊ लागला की मगच ते धुण्यात टाकावे. म्हणूनच २४ लंगोटांना चार-पाच कव्हरे पुरतात.

वापरलेले कव्हर घेण्यात कमीपणा नाही. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: पायाकडचे इलॅस्टिक ताणून सोडल्यावर पुन्हा आखडते का, आतला चकचकीत थर कुठे फुगून कापडापासून सुटला आहे का, आणि बटणे किंवा चिकटपट्टी घट्ट बसते का. इलॅस्टिक सैल असेल तर ते बदलता येते. थर सुटलेला असेल तर कव्हर घेऊ नये.

घरात शुद्ध लोकरीचा जुना स्वेटर असेल तर तोही कव्हराच्या कामी येतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि लोकरीतले लॅनोलिन, म्हणजे तिच्यातला नैसर्गिक मेणचट पदार्थ, लघवीला बाहेर येण्यापासून अडवते. स्वेटर गरम पाण्यात घुसळून आटवला की त्याची वीण घट्ट होते आणि बाह्यांमधून छोट्या विजारीचे पाय निघतात. थोडे लॅनोलिन गरम पाण्यात साबणाच्या एका थेंबाबरोबर विरघळवून, पाणी कोमट झाल्यावर त्यात लोकर काही तास बुडवून ठेवली की ती वापरायला तयार होते. असे कव्हर वापरानंतर हवेवर वाळवले की दोन-तीन आठवडे धुवावे लागत नाही. रात्रीसाठी मला याहून चांगले काही सापडले नाही.

घडी आणि बांधणी

सर्वांत सोपी घडी म्हणजे चौकोनाची दोनदा अर्धी घडी करून ३५ सेंटीमीटरचा चौपदरी चौकोन करावा, मग त्याची उभी तीन पदरी पट्टी करून ती कव्हरात ठेवावी. पट्टी बारा पदरांची होते आणि मधोमध बसते. पातळ शी करणाऱ्या लहान बाळासाठी मात्र लंगोट कमरेभोवती गुंडाळलेलाच बरा, कारण पट्टीच्या दोन्ही बाजूंनी शी थेट कव्हराला लागते आणि धुणे वाढते.

त्यासाठी चौपदरी चौकोन अशा रीतीने समोर ठेवावा की चारही सुटी टोके उजवीकडे वरच्या कोपऱ्यात येतील. फक्त सर्वांत वरचे सुटे टोक चिमटीत धरून डावीकडे ओढावे, म्हणजे त्या पदराचा खाली निमुळता होत जाणारा त्रिकोण पसरतो. आता सगळे कापड हलक्या हाताने पालथे करावे. चौकोनाचे उरलेले पदर वर आलेले दिसतील. त्यांची उभी कडा धरून मधल्या रेषेकडे दोन-तीन वेळा दुमडावी. त्रिकोणाच्या मधोमध बोटाच्या जाडीची गादी तयार होते. त्रिकोणाची लांब बाजू बाळाच्या कमरेखाली ठेवावी, खालचे टोक पायांमधून वर घ्यावे आणि दोन्ही पंख पोटावर आणून अडकवावेत. पहिले दोन दिवस ही घडी बाळ रडत असताना घालायचा प्रयत्न करू नये. एखाद्या निवांत दुपारी दहा लंगोट घडी करून रचून ठेवावेत, म्हणजे हात आपोआप शिकतो.

अडकवण्यासाठी तीन टोकांची दातेरी रबरी पट्टी मिळते आणि ती सर्वांत सुरक्षित असते. सेफ्टी पिन वापरायची असेल तर लावताना आपली दोन बोटे कापड आणि बाळाचे पोट यांच्यामध्ये असलीच पाहिजेत, म्हणजे टोचली तर आपल्याला टोचते. पिनेचे टोक कापडात सहज जात नसेल तर ते साबणाच्या वडीत एकदा खुपसून काढावे.

नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन आठवडे, लंगोटाची पुढची कडा बेंबीखाली दुमडावी. मुलाच्या बाबतीत जास्तीची घडी पुढच्या बाजूला आणि मुलीच्या बाबतीत मध्यभागी असावी. बांधून झाल्यावर कमरेत दोन बोटे सहज गेली पाहिजेत, बाळाला पाय बेडकासारखे पसरता आणि वर घेता आले पाहिजेत, आणि कव्हराचे इलॅस्टिक मांडीवर न येता जांघेच्या वळीत बसले पाहिजे. कव्हराबाहेर कापडाचा एक कोपरा जरी डोकावत असेल तरी तोच वातीसारखी ओल बाहेर खेचतो आणि अंथरूण भिजवतो.

धुणे

वापरून फेकायच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण असतात. ते लघवीचे जेल करून धरून ठेवतात. सुती कापडात ते नसतात. म्हणून कापडी लंगोट दिवसा दोन-तीन तासांनी आणि शी झाल्यावर लगेच बदलावा लागतो, आणि म्हणून धुणे हाच या साऱ्याचा खरा गाभा आहे. इथे चुकले तर उत्तम कापडही वास मारते आणि बाळाला पुरळ येते.

काढलेला लंगोट पाण्यात भिजत ठेवू नये. झाकण नसलेल्या, हवा खेळणाऱ्या बादलीत किंवा टोपलीत कोरडाच टाकावा. दिवसभर भिजवल्याने जंतू वाढतात, इलॅस्टिक सैल होते आणि मुख्य म्हणजे रांगणाऱ्या बाळासाठी पाण्याची बादली जीवघेणी असते. लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकते. धुताना भिजवावे लागले तर बादली बंद दाराआड असावी.

बाळ केवळ आईच्या दुधावर असेपर्यंत त्याची शी पाण्यात विरघळते, त्यामुळे ती वेगळी काढावी लागत नाही. वरचे अन्न सुरू झाल्यावर शी घट्ट होते. ती शौचकूपात झटकावी आणि लंगोट लगेच थंड पाण्यात खंगाळावा. लंगोटाच्या आत फ्लीसची, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाची, एक पट्टी अंथरली तर बहुतेक वेळा घट्ट शी तिच्यावरून अलगद निघते.

धुण्याच्या दिवशी पहिले पाणी थंड हवे, कारण गरम पाण्याने शीमधील प्रथिने धाग्यांत पक्की बसतात आणि डाग राहतो. थंड पाण्यात सगळे लंगोट उलगडून दोनदा खंगाळावेत आणि पाणी फेकून द्यावे. त्यानंतरच गरम पाणी आणि धुण्याची पावडर. यंत्रात धुताना सुती लंगोटांना ६० अंश सेल्सिअस आणि कव्हरांना ४० अंश पुरेसे होते. ढोल दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरलेला असावा. लंगोट फार थोडे असतील तर एकमेकांवर घासले जात नाहीत आणि कोंबून भरले तर पाणी आत शिरत नाही. हाताने धुताना गरम पाण्यात पावडर विरघळवून त्यात लंगोट अर्धा तास ठेवावेत आणि मग दहा मिनिटे दाबत-सोडत राहावे. ब्रशने घासण्यापेक्षा कापडातून पाणी आरपार जाणे महत्त्वाचे असते. शेवटी स्वच्छ पाण्याला फेस येईनासा होईपर्यंत खंगाळावे.

पावडर किती घालावी याबाबत दोन टोकांच्या चुका होतात. बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर घातली तर लघवी निघत नाही. जास्त घातली आणि नीट खंगाळले नाही तर ती धाग्यांत साचते. खूप मळलेल्या कपड्यांसाठी पाकिटावर जे माप दिलेले असते तेच लंगोटांना योग्य असते. वास नसलेली पावडर निवडावी. साबणाची वडी क्षारयुक्त पाण्यात वापरू नये, कारण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो, जो कापडावर बसून शोषणशक्ती घालवतो. पाणी जड असेल तर पावडरीसोबत थोडा धुण्याचा सोडा घालावा. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण मात्र कटाक्षाने टाळावे. ते धाग्यांवर मेणचट थर चढवते आणि लंगोट हाताला मऊ पण कामाला निरुपयोगी होतो.

सुती लंगोट थेट उन्हात वाळवावेत. पिवळा डाग राहिला असेल तर लंगोट ओला असतानाच उन्हात घालावा. ऊन डाग उडवते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. कव्हरे आणि इलॅस्टिक असलेले डायपर सावलीत, कारण त्याच उन्हाने इलॅस्टिक आणि पीयूएल लवकर झिजतात. दोरीवर वाळलेला लंगोट कडक लागला तर दोन्ही हातांनी चुरगाळून झटकावा.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक बोलकी गोष्ट आहे: यंत्र पुरेसे भरून धुतले, नेहमी बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळासाठी वापरले, तर त्यांचा तापमानवाढीवरील परिणाम नेहमीच्या वापराच्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटतो. या तिन्ही सवयी पैसाही वाचवतात. उलट वाळवणी यंत्राची आणि उकळत्या पाण्याची रोजची सवय लागली की वाचलेला पैसा विजेच्या बिलात जातो.

वास, पुरळ आणि गळती

ताजी लघवी फारशी उग्र नसते. तिच्यातील युरिया जंतूंच्या विकरामुळे फुटून अमोनिया होतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून रात्रभराच्या लंगोटाला उग्र वास येणे स्वाभाविक आहे, परंतु स्वच्छ धुतलेला लंगोट ओला होताच डोळ्यांत झोंबणारा वास येऊ लागला तर मागच्या धुण्यांतली घाण आतच राहिली आहे, असे समजावे. अशा वेळी पावडर वाढवावी, लंगोट कमी संख्येने धुवावेत आणि सुती कापड एकदा कडक गरम पाण्यात सोडा आणि पावडर घालून काही तास ठेवून मग भरपूर खंगाळावे. क्लोरीन ब्लीच वापरायचेच असेल तर ते क्वचित, पाकिटावरील मापाने आणि लंगोट आधी धुऊन लघवी पूर्ण काढल्यानंतरच वापरावे. ब्लीच अमोनियात किंवा व्हिनेगरमध्ये मिसळले तर विषारी वायू तयार होतात, त्यामुळे ते कशातही मिसळू नये.

जांघ लाल होऊ लागली तर लंगोट अधिक वेळा बदलावा आणि रोज थोडा वेळ बाळाला उघडे ठेवावे. झिंक ऑक्साइडचे मलम लावायचे असेल तर आत जुन्या कापडाची पट्टी ठेवावी, नाहीतर मलम लंगोटाच्या धाग्यांना चिकटून बसते. गडद लाल चट्टा, त्याच्या कडेने विखुरलेले लहान ठिपके आणि वळ्यांमध्येही लाली दिसत असेल तर ती बुरशी असण्याची शक्यता असते. तेव्हा घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे. फोड आले, त्वचा सोलवटली किंवा ताप असेल तर वाट पाहू नये.

गळती झाली की काढलेला लंगोट आधी हातात घेऊन तपासावा. तो सगळीकडे सारखा भिजला असेल तर थर कमी पडले. आणखी एक पट्टी वाढवावी. अर्धा कोरडा असताना गळला असेल तर दोष कापडात नसून बांधणीत आहे, म्हणजे कव्हर सैल आहे किंवा घडी एका बाजूला सरकली आहे. आधी शोषणारा लंगोट आता शोषत नसेल तर त्यावर साबणाचा, मलमाचा किंवा मऊ करणाऱ्या द्रावणाचा थर बसला आहे. या तीन कारणांबाहेरची गळती मला अजून भेटलेली नाही.

रात्र आणि बाहेर जाणे

रात्री एका लंगोटावर भागत नाही. गुंडाळलेल्या लंगोटात दुसऱ्या लंगोटाची पट्टी ठेवावी आणि वर फ्लीसचा तुकडा अंथरावा; फ्लीसमधून ओल खाली जाते आणि त्वचेला कोरडे वाटते. एवढे करूनही बाळ भिजून उठत असेल आणि घरातल्यांची झोप मोडत असेल तर रात्रीपुरता वापरून फेकायचा डायपर घालावा. दिवसाचे सात लंगोट कापडी आणि रात्रीचा एक विकतचा, हाही चांगलाच हिशेब आहे. सगळे किंवा काहीच नाही अशा हट्टापायी अनेक जण महिनाभरात कापडी लंगोट सोडून देतात.

बाहेर जाताना घडी घातलेले तीन लंगोट, एक जास्तीचे कव्हर, डबीत ओले करून ठेवलेले पुसण्याचे रुमाल आणि मळके लंगोट ठेवायला पाणी न झिरपणारी एक पिशवी एवढे पुरते. घरी आल्या-आल्या ती पिशवी रिकामी करावी. एकदा ती माझ्याकडून तीन दिवस दाराआड विसरली गेली होती आणि शेवटी पिशवीसकट सगळे दोनदा उकळून काढावे लागले.

पुढच्या बाळासाठी ठेवताना

बाळाचे लंगोट सुटले की सगळे कापड एकदा नेहमीप्रमाणे धुऊन, जास्तीचे खंगाळून, दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवावे. किंचित दमट राहिलेली घडीही पेटीत काळे ठिपके धरते. लंगोट सुती पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये बांधू नयेत. कव्हरांची बटणे उघडी सोडावीत आणि त्यांवर जड वस्तू रचू नये, म्हणजे इलॅस्टिक ताणलेले राहत नाही. लोकरीची कव्हरे धुऊन वेगळी ठेवावीत, कारण कसर आधी त्यांनाच लागते. पुन्हा वापरायला काढताना कव्हराची इलॅस्टिके सैल झालेली आढळली तर शिवणीचे दोन टाके उसवून जुने इलॅस्टिक ओढून काढावे, नव्याला पिन लावून त्याच खाचेतून सरकवावे आणि टोके पक्की शिवावीत. एका कव्हराला अर्धा तास लागतो.